सोरायसिसमध्ये आयएल-१७ कातडीच्या पेशीला नेमकं काय करायला लावतं? आणि चट्टा त्याच जागी परत का उमटतो?

उपकेंद्र_केळापूर

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. दिवाळीनंतर थंडी पडते, कापूस वेचणी जोरात असते, आणि नेमके तेव्हाच कोपर, गुडघे, डोक्यातल्या खपल्या घेऊन पेशंट येतात. निदान झालेलं असतं. प्रश्न ठरलेला: "मॅडम, माह्यं रगत खराब झालं का जी?" रक्त तपासलेलं असतं, त्यात काही निघालेलं नसतं.

"रोगप्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते" हे वाक्य मला अपुरं वाटतं. टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) आयएल-१७, म्हणजे इंटरल्यूकिन-१७ नावाचं निरोप नेणारं प्रथिन सोडतात, इथवर वाचलं आहे. पण तो निरोप मिळाल्यावर केराटिनोसाइटच्या, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशीच्या, आत काय होतं? कातडी जाड होणं, पांढरी खपली आणि खरवडलं की रक्ताचे थेंब, हे सगळं एकाच रेणूचं काम आहे का? मलमाने साफ झालेला चट्टा दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी, जवळपास त्याच आकारात का येतो? आणि गावात इंजेक्शन घेऊन आठ दिवसांत साफ झालेला माणूस पुढच्या महिन्यात दुप्पट चट्टे घेऊन का येतो?

पाठ्यपुस्तकातली आकृती नको. कशामुळे काय होतं ते हवं, म्हणजे पेशंटला काय करू नको हे कारणासकट सांगता येईल.

त्वचारोग_वर्धा

मॅडम, सुरुवात कातडीच्या पेशीपासूनच करावी लागते, कारण ती या आजारात नुसती मार खाणारी नाही. ती उलट हाक मारते. चट्टा टिकून राहतो तो त्या हाकेमुळे.

ओरखडा, घासणं, घशातला स्ट्रेप्टोकॉकस किंवा एखादं औषध, यातलं काहीही निमित्त होतं. दुखावलेली केराटिनोसाइट एलएल-३७ नावाचं जंतुनाशक प्रथिन सोडते. हे प्रथिन आपल्याच फुटलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं. एरवी आपल्या डीएनएकडे दुर्लक्ष करणारी प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी (पहारा देणारी एक रोगप्रतिकारक पेशी) या जोडीला विषाणू समजते आणि इंटरफेरॉन-अल्फा हा धोक्याचा निरोप सोडते. त्याने बाजूच्या डेंड्रिटिक पेशी जाग्या होतात आणि टीएनएफ-अल्फा व आयएल-२३ हे दाह वाढवणारे निरोप तयार करू लागतात. आयएल-२३ च्या जोरावर टीएच-१७ नावाच्या टी-पेशी टिकतात, वाढतात आणि आयएल-१७ए, आयएल-१७एफ, आयएल-२२ ओततात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आयएल-१७ए केराटिनोसाइटच्या पृष्ठभागावर आयएल-१७आरए आणि आयएल-१७आरसी या दोन भागांच्या रिसेप्टरला (निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) लागतं. आत अ‍ॅक्ट-१ नावाचं प्रथिन त्याला जोडलं जातं, ते ट्राफ-६ ला बोलावतं आणि तिथून एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात पोचतं. मग पेशी तीन प्रकारचा माल बनवायला लागते. पहिला सीसीएल-२०. हे ज्या पेशींवर सीसीआर-६ हे त्याला पकडणारं प्रथिन असतं त्यांना खेचतं आणि टीएच-१७ वर नेमकं तेच असतं. म्हणजे ज्या पेशीने निरोप आणला तिच्याच जातभाईंना ही बोलावून घेते. दुसरा माल सीएक्ससीएल-१ आणि सीएक्ससीएल-८. यांच्यामागे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) थेट खपलीच्या थरापर्यंत चढतात. बायोप्सीत दिसणारे मन्रोचे सूक्ष्म गळू ते हेच. तिसरा माल म्हणजे जंतुनाशक प्रथिनं: एस-१००ए७, बीटा-डिफेन्सिन-२ आणि पुन्हा एलएल-३७. म्हणजे सुरुवात जिथून झाली तिथेच परत आलो. हे चक्र बाहेरचं निमित्त संपलं तरी फिरत राहतं.

याच प्रथिनांमुळे सोरायसिसच्या चट्ट्यात पू सहसा होत नाही. एक्झिमात पटकन होतो. चट्टा पाहून कुणी अँटिबायोटिक लिहीत असेल तर हे लक्षात ठेवा.

जाडी आणि खपली हे मात्र बऱ्याच अंशी आयएल-२२ चं काम. त्याचा रिसेप्टर टी-पेशींवर नसतो, कातडीसारख्या आवरणाच्या पेशींवर असतो. तो पेशीच्या आतल्या जेएके-१ आणि टीवायके-२ या प्रथिनांमार्फत स्टॅट-३ हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं करतो. पक्व पेशीची केराटिन १ आणि १० ही प्रथिनं कमी होतात, ६ आणि १६ वाढतात, कातडीचा वरचा थर घट्ट करणारी फिलाग्रिन आणि लोरिक्रिन घटतात. पेशी विभागत राहते, पण पक्व व्हायचं सोडून देते. निरोगी बाह्यत्वचेचा फेरा साधारण महिन्याभराचा असतो, चट्ट्यात तो तीन ते सात दिवसांवर येतो. बोंड उकलायच्या आधीच तोडून आणावं तशा या पेशी वर पोचतात: केंद्रक अजून आतच, एकमेकींना चिकटलेल्या. त्या कच्च्या थरांत हवा अडकते म्हणून खपली चांदीसारखी दिसते.

रक्ताचे थेंब: केराटिनोसाइट व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्या वाढवणारा निरोप सोडते, त्यामुळे खालच्या केशवाहिन्या फुगतात, वेटोळ्या होतात आणि वर सरकतात. त्यांच्या डोक्यावरचा कातडीचा थर तेवढ्याच जागी पातळ असतो. खपली ओढली की टोकं फुटतात. यालाच ऑस्पिट्झची खूण म्हणतात. पेशंटला दाखवायला म्हणून खरवडू नका. तो ओरखडाच पुढच्या चट्ट्याचं निमित्त होतो.

पेशीजाल_नागपूर

वरचं सगळं बरोबर आहे, पण दोन ठिकाणी थोडं नेमकं करतो, कारण औषधं समजायला ते लागतं.

एक. प्रयोगशाळेत केराटिनोसाइटवर नुसतं आयएल-१७ए टाकलं तर परिणाम माफक दिसतो. सोबत टीएनएफ-अल्फा टाकलं की तीच जनुकं कितीतरी पटीने चढतात. दोन्हींच्या बेरजेपेक्षा परिणाम मोठा असतो. कारण अ‍ॅक्ट-१ चं काम केंद्रकाला निरोप देण्यावर थांबत नाही. टीएनएफने लिहवून घेतलेले एमआरएनए (जनुकांच्या कामचलाऊ नकला) एरवी लवकर तुटतात. आयएल-१७ त्यांना तुटू देत नाही. दोघांच्या संगनमताने आयकेबी-झीटा नावाचा दुय्यम नियामक वाढतो आणि तो जंतुनाशक प्रथिनांची, आयएल-३६ ची जनुकं उघडतो. म्हणून टीएनएफ अडवलं तरी आजार उतरतो आणि आयएल-१७ अडवलं तरी उतरतो. दोन निराळे आजार नाहीत, एकाच कुलपाच्या दोन चाव्या आहेत.

दोन. जाडी आयएल-२२ मुळे, हे पेशींच्या प्रयोगात स्पष्ट दिसतं. पण माणसांत एकट्या आयएल-२२ ला अडवून पाहिलं तेव्हा सोरायसिसमध्ये अपेक्षित फायदा झाला नाही. आयएल-१७ए अडवल्यावर मात्र जाडीसुद्धा जाते. म्हणजे आयएल-१७ हे केराटिनोसाइटकडून आयएल-१९, आयएल-३६ असे दुसरे वाढीचे निरोप काढून घेतं आणि जाडीचा रस्ता तिथूनही जातो. आकृतीत बाण सुटे असतात, कातडीत ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

या आजाराकडे पाहण्याची दिशा औषधांनीच बदलली, हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी दोष केराटिनोसाइटच्या वाढीतच आहे असं मानत. १९७९ मध्ये सांधेदुखीसाठी सायक्लोस्पोरिन दिलेल्या पेशंटांचा सोरायसिसही उतरलेला दिसला, आणि सायक्लोस्पोरिन तर टी-पेशींना गप्प करतं. पुढे आयएल-१२ समजून पी-४० या तुकड्याविरुद्ध अँटिबॉडी बनली. आयएल-२३ चा शोध २००० मधला; त्यातही तोच पी-४० निघाला, सोबतीला पी-१९. तेव्हा कळलं की खरा फायदा मुख्यतः आयएल-२३ अडवल्याने होतो. उस्टेकिनुमॅब हे अँटिबॉडी औषध पी-४० ला धरतं, गुसेलकुमॅब आणि रिसांकिझुमॅब फक्त पी-१९ ला.

आता त्याच जागेचा प्रश्न. चट्टा साफ दिसतो तेव्हा बाह्यत्वचेत काही टी-पेशी मागे राहिलेल्या असतात. यांना रेसिडेंट मेमरी पेशी म्हणतात. त्यांच्यावरचं सीडी-१०३ हे प्रथिन केराटिनोसाइटच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरून बसतं, म्हणून त्या रक्तात परत जात नाहीत. जुन्या चट्ट्याच्या जागी अशा आयएल-१७ तयार करू शकणाऱ्या सीडी-८ प्रकारच्या टी-पेशी वर्षानुवर्षं सापडतात. नवा इशारा मिळाला की बाहेरून कुणी यायची गरज नसते. जागा तीच, कारण पेशी तिथेच राहायला आहेत.

तुमच्या पेशंटच्या रक्ताच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. कारभार कातडीत चालतो. हिमोग्राममध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) तो दिसायचं कारण नाही. "रक्तशुद्धी"ने या बसलेल्या पेशींना काहीही होत नाही.

उपकेंद्र_केळापूर

दोघांचेही मनापासून आभार. "पेशी तिथेच राहायला आहेत" हे उद्याच वापरणार.

यावरून पुढचं विचारते. हातावरचे पऱ्हाटीचे ओरखडे, फवारणीच्या पंपाचा खांद्यावर घासणारा पट्टा, यांच्या रेषेतच नवे चट्टे दिसतात. ते एलएल-३७ वालं निमित्त हेच का? आणि मेथोट्रेक्सेट या साखळीत कुठे बसतं? तालुक्याच्या ठिकाणी सगळ्यात जास्त तेच लिहिलेलं असतं, आणि चुकाही त्यातच होतात.

त्वचारोग_वर्धा

होय, तेच. याला कोब्नरचा परिणाम म्हणतात. इजेनंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत त्याच रेषेत चट्टा उमटतो. आजार भडकलेला असतानाच हे जास्त होतं, म्हणून सल्ला त्या काळात काटेकोरपणे द्या. वेचणीला पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पंपाच्या पट्ट्याखाली जाड घडी केलेला दुपट्टा, आंघोळीला घासणी किंवा दगड नाही. ऊन बहुतेकांना मानवतं, कारण उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी कातडीतल्या टी-पेशी मरतात. फोटोथेरपीचा (प्रकाशाने उपचाराचा) ३११ नॅनोमीटरचा दिवाही याच तत्त्वावर चालतो. पण आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात कातडी भाजली तर तीही इजाच. सकाळचं थोडं ऊन पुरे.

गडचिरोलीकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट: क्लोरोक्विनने सोरायसिस भडकू शकतो. मलेरियाचा उपचार यासाठी थांबवायचा नाही, पण पुढच्या काही आठवड्यांत चट्टे वाढले तर कारण लक्षात असू द्या. लिथियम आणि प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा-ब्लॉकर यांचंही तसंच.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल वेगळं लिहितो. आधी मेथोट्रेक्सेटचं औषधवाल्यांनी सांगावं.

औषधनिर्माता_दारव्हा

मेथोट्रेक्सेट. सोरायसिसच्या छोट्या मात्रेत ते केराटिनोसाइटची वाढ थेट रोखण्यापेक्षा लिम्फोसाइटना जास्त दाबतं. पेशीच्या आत एआयसीएआर नावाचा रेणू साचतो, त्यामुळे बाहेर अ‍ॅडेनोसिन वाढतं आणि अ‍ॅडेनोसिन टी-पेशींना शांत करतं. म्हणजे ते तुमच्या साखळीच्या वरच्या टोकाला काम करतं. म्हणूनच परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण अंदाज तीन-चार महिन्यांनी येतो. दोन आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून सोडणारे बरेच असतात, त्यांना हे आधीच सांगायचं.

मात्रा आठवड्यातून एकदा. साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. चूक होते ती अशी: चिठ्ठीवर "चार गोळ्या आठवड्याला" लिहिलेलं, गोळी २.५ मिलिग्रॅमची धरलेली. दुकानात १० ची पट्टी मिळते आणि पेशंट चार घेतो. १० च्या जागी ४० मिलिग्रॅम पोटात. म्हणून गोळ्यांची संख्या लिहू नका, मिलिग्रॅम लिहा, आणि एका पेशंटला कायम एकाच ताकदीची गोळी द्या. वार ठरवून पट्टीवर मराठीत लिहा. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस ठरवला तर विसरत नाहीत. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, मेथोट्रेक्सेटच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी.

सुरू करण्याआधी हिमोग्राम, यकृताच्या चाचण्या, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. पहिल्या छोट्या मात्रेनंतर आठवड्याने पुन्हा हिमोग्राम. बाई गरोदर असेल किंवा मूल हवं असेल तर हे औषध नाहीच. दारू बंद.

आपल्या भागात सिकलसेल बराच आहे. असा पेशंट असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना आधी कळवा आणि त्याचं नेहमीचं हिमोग्लोबिन लिहून ठेवा. घट त्या आकड्यावरून मोजायची.

सगळ्यात महत्त्वाचं: या पेशंटला कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक देऊ नका. दोन्ही औषधं फोलेटवरच घाव घालतात, शिवाय मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट बाहेर पडणंही अडतं. अस्थिमज्जा बसते. जुलाब किंवा लघवीच्या जळजळीसाठी ही गोळी सहज दिली जाते, म्हणून कार्डावर लाल शाईने लिहा. डायक्लोफिनॅकसारखी दुखऱ्या अंगाची गोळी मनाने घेणं, उन्हाळ्यात उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होणं, यातही औषध अंगात साठतं. अशा आठवड्यात मात्रा टाळून डॉक्टरांना फोन. तोंडात फोड आले, ताप आला, चट्टाच सोलपटून दुखायला लागला, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी मोठं रुग्णालय. तिथे फोलिनिक अ‍ॅसिड देतात. फॉलिक अ‍ॅसिडने ते काम होत नाही.

मलमाचं प्रमाण. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. तेवढ्यात दोन तळहातांइतकी जागा होते, बोटं धरून. चट्टे चार तळहातांएवढे असतील तर एका वेळेला १ ग्रॅम, दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांना २८ ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब बरोबर दोन आठवड्यांची. १५ ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवणाऱ्याला मलम लागू पडत नाही यात नवल काय.

क्लोबेटासोल ०.०५% हे जोरदार स्टेरॉइड मलम जाड चट्ट्यांवर, सलग दोन आठवड्यांपर्यंत, आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर कधीच नाही. चेहरा, जांघ, काख इथे नाही. मग एकदम बंद न करता एकाआड एक दिवस, पुढे आठवड्यातून दोन दिवस. कॅल्सिपोट्रिऑल (व्हिटॅमिन डीसारखं मलम) सोबत असेल तर ते सॅलिसिलिक अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका, निकामी होतं. आंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. थंडीत दिवसातून तीनदा लावलं तरी चालतं.

तपासणी_मेहकर

थोडक्यात एकच. खपलीचा प्रत्येक गोल चट्टा सोरायसिस नसतो. नायटा, गजकर्ण सध्या प्रत्येक गावात आहे, आणि दुकानातून मिळणारी तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमं लावून त्याचं रूप बदललेलं असतं. कडेची खपली खरवडून काचेवर घ्या, १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, दहा-पंधरा मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शक. बुरशीचे धागे दिसले तर स्टेरॉइड बंद. नुकतंच मलम लावलेलं असेल तर धागे सापडत नाहीत किंवा तेलाचे थेंब फसवतात, म्हणून दोन-चार दिवस काही न लावता नमुना घ्या. नखांत टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, डोक्यात केसांच्या रेषेच्या बाहेर येणारी खपली, हे मात्र सोरायसिसकडे बोट दाखवतं.

त्वचारोग_वर्धा

आता इंजेक्शनचं. स्टेरॉइड एनएफ-कप्पा-बी दाबतं, डेंड्रिटिक पेशींचं आयएल-२३ थांबवतं, न्यूट्रोफिलची ये-जा थांबते. साखळीच्या सगळ्या कड्या एकदम सैल पडतात, म्हणून आठ दिवसांत माणूस साफ होतो. पण बसलेल्या मेमरी पेशी तशाच राहतात. औषध उतरलं की दाब जातो आणि साखळी आधीपेक्षा जोरात धावते. याचं सगळ्यात वाईट रूप म्हणजे अंगभर पुळ्यांचा सोरायसिस. तिथे आयएल-३६ बेफाम होतं, लाल कातडीवर पांढऱ्या पुवाच्या बारीक पुळ्यांचे थर येतात, सोबत ताप आणि हुडहुडी. पू असला तरी त्यात जंतू नसतात. दुसरं रूप म्हणजे सगळी कातडी लाल होऊन सोलवटणं. त्यात अंगातलं पाणी, उष्णता, प्रथिनं कातडीवाटे जातात. दोन्ही तातडीच्या बाबी: १०८ ला फोन, घरी ठेवायचं नाही.

बिनलेबलच्या पुड्यांतही डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असू शकतं. पुडी घेऊन चेहरा गोल झाला, भूक वाढली, साखर वाढली, तर संशय घ्या. पण महिनोन्महिने घेतलेली पुडी एका दिवसात बंद करायला सांगू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते. पाठवताना चिठ्ठीवर "स्टेरॉइडचा संशय" एवढं लिहा आणि पुडी सोबत द्या.

बायोलॉजिक इंजेक्शनं निराळी. ती एकाच निरोपाला धरतात. सेक्युकिनुमॅब आयएल-१७ए ला: ३०० मिलिग्रॅम, पहिले पाच डोस आठवड्याच्या अंतराने, मग दर चार आठवड्यांनी. फरक महिन्याभरात दिसू लागतो. आयएल-१७ हे कँडिडा बुरशीविरुद्धचं आपलं शस्त्रही आहे, म्हणून तोंडात पांढरा थर येतोय का ते विचारत जा. आयएल-२३ वाली हळू लागू पडतात, पण वरची कडी तुटल्यामुळे डोस आठ किंवा बारा आठवड्यांनी पुरतो. टीएनएफ अडवणाऱ्यांत धोका टीबीचा. टीबीचे जंतू ज्या गाठीत कोंडलेले असतात ती गाठ टीएनएफच बांधून ठेवतं. ते काढलं की जंतू सुटतात. म्हणून कुठलंही बायोलॉजिक देण्याआधी मांटू किंवा आयजीआरए (टीबीच्या संसर्गाच्या चाचण्या) आणि छातीचा एक्स-रे. नंतर दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर थुंकी तुमच्याच उपकेंद्रावरून पाठवा.

सांधेही विचारत जा. सकाळी अर्ध्या तासाच्या वर आखडणं, एखादं अख्खं बोट सुजणं, टाचेत कळ. स्नायूबंध हाडाला चिकटतो तिथे हेच आयएल-२३ आणि आयएल-१७ काम करतात, आणि तिथे झालेली झीज मलमाने भरून येत नाही.

उपकेंद्र_केळापूर

खूप मोठं काम केलंत तुम्ही सगळ्यांनी. शेवटचं एक. घरची माणसं ताट-वाटी वेगळी काढतात. सुनेला झालं तर माहेरी पाठवायची भाषा सुरू होते. तिथे थोडक्यात काय सांगू?

पेशीजाल_नागपूर

चट्ट्यात पसरणारा जंतूच नाही, हे. जे निरोप फिरतात ते तिच्याच पेशींचे आहेत आणि तिच्याच कातडीच्या रिसेप्टरला लागतात. गळून पडलेली खपली म्हणजे मेलेल्या पेशी, त्या दुसऱ्याच्या अंगावर पडून काही करू शकत नाहीत. अनुवंश असतो, एचएलए-सी*०६:०२ हा जनुकाचा प्रकार त्यातला सगळ्यात ठळक दुवा, पण तो दुवा असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही. म्हणून "मुलांना होणारच" हेही खोटं.

त्वचारोग_वर्धा

आणि हे सासूसमोर, तिचा चट्ट्याचा हात स्वतःच्या हातात घेऊन, ग्लोव्ह न घालता सांगा. पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलवा, तर्जनीच्या पेरावर मलम किती घ्यायचं ते त्याला दाखवा. पाठीवरचे चट्टे तिच्या हाताला पोचत नाहीत.